छप्पन्न टनांचं झाड, साठ फुटांची वाट

इंग्लिश खाडी पोहणाऱ्यांच्या बातम्यांमुळे डोव्हर हे नाव मराठी वाचकाला परकं नाही. या गावाच्या बकलंड भागात सेंट अँड्र्यूज चर्च आहे आणि त्याच्या आवारात यूचं एक म्हातारं झाड आहे. यू हा सूचिपर्णी वृक्ष. आपल्याकडे जुन्या देवळापाशी वड-पिंपळ असावा तसा इंग्लंडात जुन्या चर्चपाशी हा हमखास असतो. बकलंडचं झाड कधीकाळी वीज पडून दुभंगलेलं, पिळवटलेलं, बुंध्याची एक बाजू जवळजवळ आडवी झालेली. १८८० साली चर्चची इमारत वाढवायची ठरली आणि नेमकं हे झाड वाटेत आलं.

झाड पाडा, असं म्हणणं सोपं होतं. पण पंचाहत्तरीला टेकलेल्या एका माळ्याला बोलावणं गेलं. त्याचं नाव विल्यम बॅरन. वृक्षस्थलांतराच्या इतिहासात डोकावणाऱ्याला हा माणूस वळणावळणावर भेटतो, आणि तरी बागकामाच्या जाणकारांबाहेर त्याला कुणी ओळखत नाही.

बॅरनच्या माणसांनी झाडाभोवती खंदक खणला. मुळांसकट मातीचा जो ठोकळा मोकळा झाला तो सुमारे १८ फूट लांब, १६ फूट रुंद आणि खोल मात्र जेमतेम साडेतीन फूट. आपले रोपवाटिकावाले ज्याला हुंडी म्हणतात ती हीच. ठोकळ्याखालून आरपार खणून जाड फळ्या सरकवल्या, फळ्यांखाली रूळ घातले आणि माणसांनी फिरवायच्या रहाटांवर दोर गुंडाळत सगळा डोलारा इंचाइंचानं ओढला. वजन सुमारे ५६ टन, अंतर सुमारे ६० फूट. झाड जगलं, अजूनही उभं आहे.

यातला साडेतीन फुटांचा आकडा डोक्यात ठेवायला हवा. झाड जितकं वर तितकंच खाली, हा समज चित्रकारांनी पसरवलेला आहे. बहुतेक वृक्षांची पाणी शोषणारी तंतुमुळं वरच्या हातभर-दोन हात मातीतच असतात आणि फांद्यांच्या घेरापलीकडेही पसरतात. म्हणून हुंडी भाकरीसारखी हवी, रुंद आणि चपटी. बॅरनला हे पुस्तकातून कळलं नव्हतं. त्यापूर्वी पन्नास वर्षं तो हेच करत आला होता.

त्याचा जन्म १८०५चा, स्कॉटलंडमधला. एडिंबरोच्या वनस्पतिउद्यानात आणि लंडनजवळच्या सायन हाउसमध्ये उमेदवारी करून १८३० साली तो डर्बीशरमधल्या एल्व्हस्टन कासलला हेड माळी म्हणून आला. जागा भिकार होती. सपाट, पाणथळ, नजर अडेल असा उंचवटा कुठे नाही. ‘केपेबिलिटी’ ब्राउन हा अठराव्या शतकातला इंग्लंडचा सर्वांत गाजलेला उद्यानरचनाकार. त्यानं ही जागा पाहून काम घ्यायलाच नकार दिला होता, असं सांगतात. बॅरनची पहिली काही वर्षं जमिनीखालून पाणी काढून देण्यात गेली. या चरांच्या कामाबद्दल फारसं कुणी लिहीत नाही, पण पुढचं सगळं त्यावर उभं राहिलं. चिखलात लावलेल्या झाडाची मुळं कुजतात. मग ते कितीही अलगद उचलून आणलेलं असो.

मालक होता हॅरिंग्टनचा चौथा अर्ल, चार्ल्स स्टॅनहोप. त्यानं मराया फूट या नटीशी लग्न केलं म्हणून उच्चभ्रू समाजानं नाकं मुरडली. मग त्यानंही समाजाकडे पाठ फिरवली आणि बायकोसाठी एक बंदिस्त स्वर्ग मांडायचं ठरवलं. राणी आली तर बाग दाखवा, बाकी कुणालाही आत घेऊ नका, अशी त्याची ताकीद होती म्हणे. वय वाढलेल्या या प्रेमवीराला रोपं मोठी होईपर्यंत थांबायला वेळ नव्हता. त्याला तयार, डेरेदार, म्हातारी झाडं हवी होती. तेव्हा बॅरननं आसपासच्या मुलखातून जुने यू हुडकून काढले आणि स्वतः बेतलेल्या गाड्यांवर उभेच्या उभे लादून आणले. अशा गाडीचा एक नमुना पुढे लंडनच्या क्यू उद्यानानंही घेतला. प्रेमापायी माणसं काय काय करतात याची यादी लांबलचक आहे. त्यात शेकडो वर्षांची झाडं रस्त्यानं मिरवत आणणं ही नोंद जरा वरच्या क्रमांकावर असावी.

१८५१मध्ये चार्ल्स वारला. वारस झाला त्याचा भाऊ लेस्टर, आणि इथे मराठी वाचकानं किंचित थबकावं. हा लेस्टर स्टॅनहोप तरुणपणी इंग्रज फौजेबरोबर आपल्याकडे आला होता. डिसेंबर १८१७मध्ये होळकरांविरुद्धच्या महिदपूरच्या लढाईत तो होता आणि पुढच्या फेब्रुवारीत तापीकाठच्या थाळनेर किल्ल्यावरच्या हल्ल्यातही. थाळनेरला किल्लेदार तुळशीराम मामाला फासावर चढवलं आणि किल्ल्यातल्या शिबंदीची कत्तल झाली, हे खानदेशानं विसरलेलं नाही. नंतर हाच गृहस्थ हिंदुस्थानातल्या वृत्तपत्रांच्या स्वातंत्र्याची बाजू घेत पुस्तक लिहितो आणि ग्रीसच्या स्वातंत्र्ययुद्धात कवी बायरनच्या जोडीला जाऊन उभा राहतो. माणसं एका साच्यात बसत नाहीत ती अशी.

या लेस्टरनं भावाच्या खर्चाला कात्री लावली, बाग लोकांना खुली केली आणि बॅरनला सांगितलं, बागेनं आता स्वतःचं पोट भरावं. बॅरननं रोपवाटिका चालवली, १८५२ साली सदाहरित वृक्षांवर ‘द ब्रिटिश विंटर गार्डन’ हे पुस्तक काढलं आणि पुढे जवळच्याच बोरोवॉश गावी मुलासह स्वतःचा धंदा थाटला. बकलंडचं बोलावणं आलं ते या धंद्यातल्या नावलौकिकामुळे.

बॅरनच्या आधी या विद्येचा गाजलेला पुरुष होता सर हेन्री स्टुअर्ट. हाही स्कॉटिश. सॅलस्ट या रोमन इतिहासकाराचं भाषांतर करणारा पंडित आणि पहिल्या प्रतीचा आढ्यतेखोर. अ‍ॅलनटनच्या आपल्या इस्टेटीवर त्यानं मोठी झाडं हलवून रातोरात वनश्री उभी केली. हायलँड सोसायटीची समिती ती पाहून आली; समितीत कादंबरीकार वॉल्टर स्कॉटही होता. १८२८ साली स्टुअर्टचं ‘द प्लँटर्स गाइड’ गाजलं. स्कॉटनं त्याची जाहीर तारीफ केली आणि खासगी रोजनिशीत त्याच्या बढाईखोरीची टर उडवली. नॉरफॉकमधल्या होल्ट गावचा विल्यम विदर्स मात्र उघडपणे मैदानात उतरला. वृक्षलागवडीबद्दल स्कॉटला काही कळत नाही, असं सुनावणारं पत्रच त्यानं छापलं आणि पाठोपाठ दुसरं खुद्द स्टुअर्टच्या नावे. खत घालावं की नाही, झटपट वाढलेलं लाकूड कसदार की पोकळ, यावरून शिकलेली माणसं हातघाईवर आली होती.

या धुरळ्यात स्टुअर्टची खरी कमाई झाकली जाते. त्याची रीत बॅरनच्या उलट होती. हुंडीचा अट्टहास न धरता लांबच लांब मुळं मातीतून सोडवून घ्यायची, जपायची आणि झाड आडवं करून न्यायचं. पण झाड कोणतं निवडायचं याचं त्याचं उत्तर आजही पटतं. दाट रानात वाढलेलं शिडशिडीत झाड उचलू नये. वाऱ्यापावसाचा मारा खात उघड्यावर वाढलेलं, जाड सालीचं, आखूड दणकट बुंध्याचं, भरपूर मुळांचं आणि पसरट फांद्यांचं झाड नव्या जागी तग धरतं. म्हणजे झाड आधी पारखायचं आणि मगच हलवायचं.

आपल्याकडे पारख रस्त्याचा नकाशा करतो. रेषेत आलं ते झाड उचलायचं, मग ते पोकळ असो, किडकं असो की हलवणं न मानवणाऱ्या जातीचं. मुळांभोवती आधी चर मारून, तो मातीनं भरून, नवी तंतुमुळं फुटेपर्यंत एखादा हंगाम थांबावं, हे माळ्याला ठाऊक असतं. पण निविदेच्या वेळापत्रकात तो हंगाम नसतो. जेसीबी एका बाजूनं घास घेतो, हुंडी फुटते, क्रेनचा पट्टा बुंध्याची साल सोलतो आणि झाड छाटून खुंट झाल्यावर नव्या खड्ड्यात ठोकलं जातं. वर फलक लागतो: ‘पुनर्रोपित वृक्ष’.

परिणाम कागदावर आहेत. मुंबईच्या मेट्रो ३साठी हलवलेल्या झाडांपैकी निम्म्याहून अधिक मेल्याचं उच्च न्यायालयापुढे आलं. दिल्लीत वनखात्यानं २०२२मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाला दिलेला हिशेब असा: हलवलेली झाडं १६,४६१, जगलेली ५,४८७. तिथल्या २०२०च्या धोरणानं तर किमान ८० टक्के झाडं वर्षभरानंतर जगलेली हवीत, असं बजावलं होतं.

झाड न हलवता वाचवणंही दिसतं तितकं सरळ नाही. सांगली जिल्ह्यातल्या भोसे गावचा, चारशे वर्षांचा म्हणून ओळखला जाणारा वड २०२०मध्ये रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या आड आला. गावकरी आणि वृक्षप्रेमी उभे ठाकले, प्रकरण केंद्रीय मंत्र्यांपर्यंत गेलं, रस्त्याची आखणी बदलली आणि वड वाचला. जून २०२२मध्ये तो पावसात कोसळला. त्याचं वय झालं होतं, हे खरंच. पण एरवी जिथे जिथे झाड राखून भोवती बांधकाम होतं, तिथे डोळा बुंध्यावर असतो आणि घाव मुळांवर पडतो. ब्रिटिश मानकानुसार बुंध्याच्या व्यासाच्या १२ पट त्रिज्येचं वर्तुळ कुंपण घालून राखायचं असतं. दोन फूट व्यासाच्या पिंपळाला म्हणजे चहूबाजूंनी २४ फूट. तेवढ्यात खणायचं नाही, सिमेंटची पोती रचायची नाहीत, मिक्सर धुवायचा नाही, डंपरही उभा करायचा नाही. चाकाखाली एकदा माती दाबली गेली की तिच्यातली हवा जाते आणि मुळं गुदमरतात. झाड मात्र लगेच काही सांगत नाही. साठवलेल्या अन्नावर ते दोन-तीन उन्हाळे पालवी काढतं आणि वाळतं तेव्हा ठेकेदार बिल घेऊन दुसऱ्या पुलावर गेलेला असतो.

म्हणूनच वर्षभरानंतरच्या मोजणीवर भिस्त ठेवणं भाबडेपणाचं आहे. एल्व्हस्टनमध्ये हलवलेल्या झाडांवर नजर ठेवायला बॅरन स्वतः तीन दशकांहून जास्त काळ तिथेच होता, तेही सुरुवातीला माळ्यांचा मोठा ताफा हाताशी घेऊन. महाराष्ट्रानं १९७५चा वृक्षसंरक्षण कायदा २०२१मध्ये सुधारला, पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्ष म्हटलं आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावायला सांगितली. त्या नव्या रोपांची निगा सात वर्षं राखायची आहे. हलवलेल्या जुन्या वडाला निदान तेवढीच मुदत, रोजचं पाणी आणि नावानिशी नेमलेला एक माळी द्यायला कुठल्याही महापालिकेला आडकाठी नाही. निविदेत फक्त एक कलम वाढवावं लागेल आणि शेवटचा हप्ता सातव्या वर्षापर्यंत रोखून धरावा लागेल.