पहाटेची शिकवणी

पंडिता रमाबाईंचे 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' हे पुस्तक 1887 साली अमेरिकेत फिलाडेल्फियाला छापले गेले. त्याच्या विक्रीतून आणि त्याने जागवलेल्या सहानुभूतीतून पैसा उभा राहिला, आणि 1889 मध्ये मुंबईत विधवांसाठीचे शारदा सदन सुरू झाले. एवढ्या मोठ्या कामाचा पाया ठरलेले हे पुस्तक रमाबाईंनी आईच्या, लक्ष्मीबाई डोंगरे यांच्या, स्मृतीला अर्पण केले. लक्ष्मीबाई तेव्हा हयात नव्हत्या. त्याच्या दहाएक वर्षे आधीच, दुष्काळात अन्नान्न करत भटकताना, आधी वडील अनंतशास्त्री गेले आणि काही आठवड्यांतच आईही गेली.

आई आणि संस्कार म्हटले की मराठी माणसाला 'श्यामची आई' आठवते. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात 1933 च्या फेब्रुवारीत अवघ्या चार-पाच दिवसांत ते पुस्तक लिहून काढले, आणि तेव्हापासून घराघरात ती माउली पोचली. लक्ष्मीबाईंचे नाव मात्र फारसे कुणाला ठाऊक नाही. मला वाटते, ज्यांना आईमुळे वाचनाची गोडी लागली, त्या सगळ्यांचे लक्ष्मीबाईंशी नाते आहे.

नऊ वर्षांची लक्ष्मीबाई गोदावरीच्या काठी, तीर्थयात्रेत भेटलेल्या, वयाने कितीतरी मोठ्या अनंतशास्त्र्यांना वडिलांनी देऊन टाकली. शास्त्रीबुवांनी तिला संस्कृत शिकवायला घेतले. बाईमाणसाला देववाणी शिकवतो म्हणून समाजाचा रोष ओढवला, तेव्हा ते सह्याद्रीतल्या गंगामूळच्या अरण्यात जाऊन राहिले. रमाबाई जन्मल्या (1858) तोवर अनंतशास्त्री थकले होते. धाकट्या लेकीला शिकवायचे काम आईवर आले.

पण आईला वेळ कुठला? घरचे राबणे, पाहुणे, विद्यार्थी, पुढे तर पायी तीर्थयात्रा. म्हणून ती दिवस उगवायच्या आत पोरीला झोपेतून उठवायची, मांडीवर घ्यायची आणि पाठ द्यायची. आठव्या वर्षापासून पंधराव्यापर्यंत हे चालले. भागवताचे 18,000 श्लोक त्या मुलीला लहानपणीच पाठ होते. पुढे इतरांच्या फारशा मदतीवाचून शिकता येईल एवढे मन आईने तयार केले, असे रमाबाईंनी स्वतःच सांगून ठेवले आहे. मला त्या पाठांतरापेक्षा हे वाक्य मोठे वाटते. ही मुलगी 1878 मध्ये कलकत्त्याच्या पंडितांसमोर उभी राहिली तेव्हा त्यांनी तिला 'पंडिता' म्हटले. आयुष्याच्या अखेरीस तिने सगळे बायबल मूळ हिब्रू-ग्रीकवरून मराठीत आणले.

माझी माय एवढी शिकलेली नव्हती. आमचे इस्लापूर किनवट तालुक्यात, सहस्रकुंडच्या धबधब्याजवळ, पैनगंगेच्या अंगाला. सप्टेंबर 1948 पर्यंत हा मुलूख निजामाचा. दरबारात आणि वरच्या शिक्षणात उर्दू. 1951 च्या जनगणनेत देशातल्या स्त्रियांची साक्षरता 8.86 टक्के निघाली, म्हणजे शंभरात नऊही बाया वाचणाऱ्या नव्हत्या. आमच्यासारख्या आडबाजूच्या गावात वाचता येणारी बाई किती दुर्मीळ असेल, याचा यावरून अंदाज यावा. मायला वाचता येत होते. एवढ्यानेच श्रावणात आमच्या ओसरीवर बाया जमायच्या.

पोथी असायची श्रीधरस्वामींच्या 'शिवलीलामृता'ची, 1718 साली रचलेली. निंदणीहून आलेल्या बाया हातपाय धुऊन बसायच्या. कुणाच्या घरी तेलुगू, कुणाच्या घरी बंजाऱ्यांची गोरमाटी. माय ओवी म्हणायची, मग थांबून साध्या बोलीत अर्थ सांगायची. पोथीची पाने सुटी. पान उलटायचे काम माझ्याकडे होते, पण अट एकच: शेवटची ओळ कुठे संपते ते मीच ओळखायचे, ती सांगणार नाही. त्यामुळे तिच्या आवाजामागे माझी नजर धावायची. शाळेत बाराखडी पक्की होण्याआधी मी ओळी ओळखू लागले ते असे. माय आता नाही. ती पोथी माझ्याकडे आहे.

यात जे घडत होते ते नीट समजून घेण्यासारखे आहे. लिहिलेली भाषा बोलण्यापेक्षा वेगळी असते. तिची वाक्ये लांब, तिच्यातले शब्द चुलीपाशी कधी न येणारे. मुलाच्या कानावर ती आधी पडली असेल तर डोळ्यांना पुस्तकात ओळखीचे काहीतरी सापडते. नसेल पडली, तर अक्षरे जुळवता येऊनही अर्थ हाती लागत नाही आणि पोर पुस्तकापासून लांब पळते. किनवट तालुक्यात ही अडचण दुप्पट आहे. इथे गोंड, कोलाम, आंध, प्रधान आहेत, बंजारा तांडे आहेत. गोंडी आणि कोलामी या द्राविडी कुळातल्या भाषा, मराठीहून मुळातच निराळ्या. घरी गोंडी ऐकलेले लेकरू पहिलीत येते तेव्हा त्याला अक्षरेही नवी आणि भाषाही नवी.

म्हणून अशा घरांतल्या आयांना 'तुम्हाला काय कळतंय' म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. अक्षर न येणारी आई गोष्ट सांगते तेव्हा क्रम, कारण, पुढे काय होईल याची ओढ, हे सगळे ती आपल्या भाषेत देतच असते. तिच्याकडे कमी असतो तो वेळ. कापूस वेचणीच्या दिवसांत ती उजाडताना जाते आणि दिवेलागणीला परतते. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा 1967 साली झाला, अनुदानासाठी अ, ब, क, ड असे वर्ग ठरले, गावोगाव वाचनालये उभी राहिली. पण जे वाचनालय ती शेतात असतानाच उघडते आणि ती परतायच्या आत बंद होते, त्याच्या उंबऱ्यावर ती कधी यायची? संध्याकाळी सात ते नऊ दार उघडे ठेवले, आणि एखाद्या वाचता येणाऱ्या पोरीने तिथे मोठ्याने वाचून दाखवले, तर आया लेकरांना घेऊन येतील. श्रावणात त्या आमच्या ओसरीवर येतच होत्या.

गोंडीतून मुलांची पुस्तकेही आता निघू लागली आहेत. प्रथम बुक्सने 2018 मध्ये अशा गोष्टी प्रसिद्ध केल्या. आमच्या भागातल्या शाळांनी त्या मागवाव्यात. आणि ज्या गोष्टी पुस्तकात नाहीत, त्या आजीकडून ऐकून पोरांनी देवनागरीत वहीत उतरवाव्यात, मग त्याच वर्गात, तिला समोर बसवून, वाचून दाखवाव्यात.