विमानातल्या चहाचा भाव

मी वाणिज्य शाखेचा शिक्षक. नफा-तोट्याची गणितं आयुष्यभर फळ्यावर सोडवली. पण एक धडा मला भाच्याच्या संगणकावरच्या खेळाने शिकवला.

या खेळात विमान कंपनी चालवायची असते. विमानं भाड्याने घ्यायची, मार्ग ठरवायचे, तिकिटाचे दर लावायचे आणि आतल्या चहा-नाश्त्याचेसुद्धा. एकदा त्याची कंपनी बुडायला आली. विमानांचं भाडं थकलं. ‘मामा, काहीतरी सुचव ना,’ तो म्हणाला. मी ऐटीत सांगितलं, ‘चहा पन्नासचा शंभर कर. आकाशात दुसरी टपरी कुठून येणार?’

आता गंमत पाहा. विमानात दीडशे प्रवासी. एका कपाचा खर्च दहा रुपये. पन्नास रुपयांना ऐंशी जण चहा घेत होते, म्हणजे नफा बत्तीसशे. शंभर रुपये होताच घेणारे उरले तीस. नफा सत्तावीसशे! भाव दुप्पट, कमाई कमी.

पण खरा फटका पुढेच होता. काही दिवसांत प्रवासी दीडशेचे एकशेचाळीस झाले. तिकीट चार हजारांचं. म्हणजे दर फेरीला चाळीस हजार गेले. चहातून चार पैसे काढायला गेलो आणि गिऱ्हाईकच गमावून बसलो.

हा नुसता खेळ आहे, असं तुम्ही म्हणाल. पण खरीखुरी कंपनीही अशीच ठेचकाळली आहे. २००८ साली खनिज तेल भडकलं तेव्हा अमेरिकेतल्या यूएस एअरवेजने देशांतर्गत उड्डाणांत थंड पेयांना आणि पाण्याच्या बाटलीला दोन डॉलर, तर चहा-कॉफीला एक डॉलर आकारायला सुरुवात केली. इतर मोठ्या कंपन्या मागून येतील ही अपेक्षा फोल ठरली. मार्च २००९ मध्ये तिने हा आकार मागे घेतला. २००८ मध्येच अमेरिकन एअरलाइन्सने पहिल्या बॅगेला पंधरा डॉलर लावले होते. तिथे मात्र बहुतेक मोठ्या कंपन्यांनी तोच कित्ता गिरवला आणि तो आकार टिकला.

आपल्याकडे २००३ मध्ये सुरू झालेल्या एअर डेक्कनमध्येही खाणं विकतच होतं. पण तिकीट स्वस्त होतं, आणि खाण्याचे पैसे वेगळे हा त्या स्वस्ताईचाच भाग होता. पैसे मोजावे लागतात याचा राग माणसाला येतोच असं नाही. अडवून घेतले, असं वाटलं की तो येतो.

शेवटी आम्ही पाणी फुकट केलं, चहा चाळीसवर आणला, जेवणाचा दर तसाच ठेवला. प्रवासी हळूहळू परतले, थकलेलं भाडंही फिटलं. भाचा आता माझा सल्ला घेतो, पण आधी गणित करून पाहतो!