बर्फ पडत नाही, म्हणून ट्रेनर नको?

न्यूझीलंडमधल्या मराठी सायकलवाल्यांत कुणी घरात ट्रेनर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवायचं यंत्र, घ्यायचा विचार बोलून दाखवला की उत्तर ठरलेलं असतं: ‘इथे कुठे बर्फ पडतो? ट्रेनर कॅनडावाल्यांना. रेनकोट चढव आणि बाहेर पड.’ पुण्या-नाशिकच्या पावसाळ्यात सायकल मारलेली मंडळी तर हे जास्तच ठासून सांगतात. बोलणं खणखणीत आहे, पण चुकीचं आहे. त्यावर विश्वास ठेवून किती तरी जण मे महिन्यात गॅरेजात टांगलेली सायकल थेट ऑक्टोबरात खाली काढतात, म्हणून त्याचा राग येतो.

इथल्या हिवाळ्यात अडतं ते बर्फामुळे नव्हे, उजेडामुळे. जूनच्या अखेरीस ऑकलंडमध्ये साडेसातच्या पुढे उजाडतं आणि सव्वापाचपर्यंत सूर्य मावळलेला असतो. वेलिंग्टनमध्ये पावणेआठ ते पाच. डनेडिनमध्ये सकाळी आठ वाजून गेले तरी सूर्याचा पत्ता नसतो. एप्रिलच्या पहिल्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात, ती सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी पुढे येतात. या सहा महिन्यांत नोकरी करणाऱ्या माणसाची कामाच्या दिवसांतली सायकल बहुतेक वेळा अंधारातच होणार. त्यात भर वाऱ्याची. कुकच्या सामुद्रधुनीतून घुसणाऱ्या वाऱ्यामुळे वेलिंग्टन जगातल्या सर्वाधिक वाऱ्याच्या शहरांत मोडतं, आणि आडवा झोत बसला की सायकल सहज अर्धा मीटर सरकते. शहराबाहेर अनेक रस्त्यांवर वेगमर्यादा ताशी १०० किलोमीटर, कडेची मोकळी पट्टी अरुंद, कुठे नाहीच. कायद्याप्रमाणे हेल्मेट हवं (ते १९९४ पासून सक्तीचं आहे), दिवे हवेत. पण हे सगळं लावूनही ओल्या, अंधाऱ्या रस्त्यावर लाकडाच्या ट्रकशेजारून जाण्यात बहादुरी कसली? पुण्याच्या पावसात शेजारची रिक्षा वीसच्या वेगाने जात असते. ती तुलना इथे लागूच पडत नाही.

आता कॅलेंडर बघा. टाउपो सरोवराला फेरी मारणारी १६० किलोमीटरची मोठी राइड साधारण नोव्हेंबरच्या अखेरीस असते. तिथे नीट पोचायचं तर चार-पाच महिन्यांची तयारी लागते, म्हणजे सुरुवात जुलैत. आपला उन्हाळा डिसेंबरात असल्यामुळे तयारीचा पाया नेमका सर्वांत काळोख्या महिन्यांत घालावा लागतो. बर्फ पडो न पडो, हे गणित बदलत नाही.

‘किवी कुठे असल्या यंत्रावर बसतात?’ हेही ऐकू येतं. त्यांनी झ्विफ्ट अकादमीचे निकाल पाहावेत. घरच्या ट्रेनरवरच्या चाचण्यांतून गुणी सायकलपटू निवडून त्यांना संघात करार देणारी ही स्पर्धा. २०१७ मध्ये पुरुष गटात ऑली जोन्स, २०१८ मध्ये महिला गटात डनेडिनची एला हॅरिस, २०१९ मध्ये पुन्हा पुरुष गटात ड्रू क्रिस्टन्सन: सलग तीन वर्षं एक विजेता न्यूझीलंडचाच. पुढच्या वर्षी जिंकलेल्या ऑस्ट्रेलियाच्या जे वाइनने २०२२ च्या स्पेनच्या व्हुएल्टा शर्यतीत डोंगरावरचे दोन टप्पे मारले. ट्रेनरला व्हिडिओ गेम म्हणून हिणवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

दुसरा गैरसमज थोडा समजुतीने घेण्यासारखा आहे, कारण त्यामागे खरा अनुभव असतो. ‘बाहेर दोन तास सहज चालवतो, ट्रेनरवर वीस मिनिटांत जीव जातो, म्हणजे यंत्रात काहीतरी खोट आहे.’ यंत्र ठीक असतं, खोलीत हवा खेळत नसते. स्नायू खर्च करतात त्या ऊर्जेपैकी जेमतेम २० ते २५ टक्के पॅडलपर्यंत पोचते, उरलेली उष्णता होते. पॅडलवर २०० वॅट देणारा माणूस ६०० ते ८०० वॅट उष्णता बाहेर टाकतो; म्हणजे बंद खोलीत एक लहान हीटरच पॅडल मारत असतो. रस्त्यावर ताशी तीसच्या वेगाचा वारा ती उष्णता घेऊन जातो, खोलीत ती अंगाभोवतीच राहते. अमेरिकेत नेब्रास्का विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये हौशी सायकलस्वारांकडून ४० किलोमीटर एकदा बाहेर आणि एकदा प्रयोगशाळेत चालवून घेतले. कष्ट सारखेच वाटत होते. पण बाहेर सरासरी २०० वॅटच्या वर निघाले, आत १६० च्या आसपास. म्हणून पंखा हवाच, तोही मोठा, समोरून छातीवर येणारा. ट्रेनर विकत घेणारे बरेच जण पंख्याचे पैसे वाचवतात आणि महिन्याभरात ट्रेनर सोडतात.

जागेबद्दलही सांगायलाच हवं. तासाभरात लिटरभर घाम सहज जातो आणि त्यातला बराचसा वाफ होऊन घरातच राहतो. इथल्या जुन्या लाकडी घरांत ओल आणि बुरशी आधीच पाचवीला पुजलेली. भाड्याच्या घरांची दिवाणखान्याची खोली १८ अंशांपर्यंत तापवता यावी, स्वयंपाकघर-न्हाणीघरात दमट हवा ओढणारे पंखे असावेत, असे नियम सरकारला २०१९ मध्ये करावे लागले ते त्यामुळेच. तेव्हा ट्रेनर मुलांच्या खोलीत लावू नका. गॅरेज उत्तम, दार अर्धं उघडं ठेवून.

बाकीचे गैरसमज झटपट. ट्रेनरवरचा एक तास म्हणजे बाहेरचे दोन: नाही, तास तो तासच, फक्त उतारावर किंवा सिग्नलला मिळणारी विश्रांती आत नसते. घाम जास्त म्हणून चरबी जास्त जळते: घाम म्हणजे पाणी, प्यायलात की वजन परत. फ्रेम मोडते: कार्बनची असेल तर उत्पादकाच्या वॉरंटीत ट्रेनरबद्दल काय लिहिलंय ते वाचा, एरवी सायकलचं खरं नुकसान बोल्टमध्ये झिरपणारा खारट घाम करतो, हँडलवर टॉवेल टाका. टायर खराब होतो: मागचं चाक रोलरवर घासणाऱ्या प्रकारात झिजतो, जुना टायर चढवा, चाक काढून बसवायच्या डायरेक्ट ड्राइव्ह ट्रेनरमध्ये हा प्रश्नच नाही. अ‍ॅपला जोडला जाणारा स्मार्ट ट्रेनरच हवा: नाही, साधा चुंबकाचा किंवा फ्लुइडचा ट्रेनर, घड्याळ आणि हृदयाचे ठोके मोजणारा पट्टा एवढ्यावर उत्तम सराव होतो.

ट्रेनर सगळं शिकवत नाही, हेही तितकंच खरं. वळणावर सायकल झुकवणं, ओल्या उतारावर ब्रेक किती दाबायचा, घोळक्यात पुढच्याच्या चाकामागे कसं राहायचं, हे रस्त्यावरच कळतं. शनिवार-रविवारी दिवसाउजेडी बाहेर पडायलाच हवं. दुपारी वेळ मिळणाऱ्याला, ऑफिसला रोज सुरक्षित सायकल-मार्गाने जाणाऱ्याला किंवा फक्त फिरण्याचा आनंद हवा असणाऱ्याला ट्रेनरची गरज नाही. त्याने पैसे चांगल्या दिव्यांवर घालावेत. पण घरी लहान मुलं, आठ तासांची नोकरी आणि नोव्हेंबरात टाउपो असं ज्याचं गणित आहे, त्याला आठवड्यातून दोनदा पाऊण तासाचा ट्रेनर हा सर्वांत भरवशाचा मार्ग आहे. आधी ‘ट्रेड मी’ या खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळावर वापरलेला साधा ट्रेनर शोधा, पंखा मात्र नवा आणि दणकट घ्या, आणि एक पूर्ण हिवाळा चालवून मगच महागड्या यंत्राचा विचार करा.