मायनर कोणते घ्यायचे?

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत आमच्या बापांनी हयात काढली ती बहुधा मशीनपुढे उभे राहून. त्यांची मुले-मुली आता इंजिनिअरिंगला आहेत आणि त्यांच्यापुढे एक नवाच प्रश्न आहे : मायनर कोणते घ्यायचे? २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर राज्य शासनाने २०२३ मध्ये अभियांत्रिकी पदवीची नवी रचना ठरवली. तिच्यात मूळ शाखेबाहेरच्या या जोडविषयाला १४ श्रेयांक आहेत. विषय आपणच निवडायचा, पण पहिल्या पिढीच्या मुलाला घरात विचारायला कोणी नसते. मग मित्राने घेतले तेच घ्यायचे, नाहीतर 'स्कोप' कशाला आहे ते सीनियरला विचारायचे. उत्तर बहुतेक ठरलेले : संगणक, डेटा, एआय.

त्यात वाईट काही नाही. मेकॅनिकलच्या मुलाला प्रोग्रॅमिंग आले तर हवेच आहे. पण आम्हाला विचाराल तर कॉलेजच्या यादीत अर्थशास्त्र, वित्त, कायदा असे काही असेल तर आधी तिकडे पाहा. मशीन चालवणारा एक असतो आणि ते घ्यायचे की नाही हे ठरवणारा दुसराच. टेंडरच्या अटी कोण लिहितो, कंत्राटी कामगाराचा पीएफ कुठे अडतो, धरणात जमीन गेलेल्याला मोबदला कोणत्या कायद्याने मिळतो, हे मशीन डिझाइनच्या पुस्तकात सापडत नाही. पहिल्या जागेवर आपली माणसे भरपूर दिसतात. दुसऱ्या जागेवर शोधावी लागतात.

बाबासाहेबांकडे इंजिनिअरिंगची पदवी नव्हती. कोलंबियात १९१५ साली एम.ए. झाले ते अर्थशास्त्रात. सोबत समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान आणि मानववंशशास्त्र. पुढे लंडनला अर्थशास्त्राच्या जोडीला ग्रेज इनची बॅरिस्टरी. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना याच माणसाने दामोदर खोऱ्याची योजना, वीज आणि जलमार्ग यांचे धोरण हाताळले. नकाशे काढायला इंजिनिअर होतेच. पाणी कोणाला, वीज कोणाला, खर्च कोणाच्या माथी, हे ठरवायला अर्थशास्त्र आणि कायदा लागला.

मात्र यादी कागदावर मोठी असते. विषय शिकवायला माणूस आहे का, हे वरच्या वर्गाला विचारून घ्या. ज्याचे आधीच दोन-तीन विषय राहिलेत त्याने जादा श्रेयांकांच्या ऑनर्सच्या नादी लागू नये. कॅम्पसला येणाऱ्या कंपन्या आधी बॅकलॉग बघतात.

आणि यादीत हवे ते नसेलच तर? यूजीसीने २०२२ पासून एकाच वेळी दोन पदव्यांना मुभा दिली आहे, त्यातली एक दूरशिक्षणाची चालते. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ तर आपल्याच नाशकात, गंगापूर धरणाच्या वाटेवर. तिथे मराठीतून शिकता येते. एखाद्या रविवारी पुस्तके चाळून पाहा. फक्त दुसऱ्या प्रवेशाने पहिल्या शिष्यवृत्तीला धक्का लागत नाही ना, हे समाजकल्याण कार्यालयात विचारून मगच फी भरा.