रोवण्यानंतरची मजुरी

बपेरा हे भंडारा जिल्ह्यातल्या तुमसर तालुक्याचं, मध्य प्रदेशाच्या सीमेलगतचं गाव. मुलूख धानाचा. पावसाळ्यात बांधीत रोवणा सुरू झाला की बाईला मान वर करायला फुरसत नसते. पण परे लावून संपले की हाताला रोख मजुरी कुठली? उन्हाळ्याच्या तोंडी मोहफूल, मग तेंदूपान. भंडाऱ्याच्या जंगलपट्ट्यात आधार तेवढाच.

१९७२च्या दुष्काळानं महाराष्ट्राला रोजगार हमी दिली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या या योजनेचा कायदा २६ जानेवारी १९७९ला अमलात आला. काम मोजून दाम असल्यानं दर बाईला आणि पुरुषाला एकच. शेतावर हे कधी घडत नव्हतं.

२ फेब्रुवारी २००६ला केंद्राची रोजगार हमी योजना पहिल्या २०० जिल्ह्यांत सुरू झाली. त्यात भंडारा होता. मजुरांत किमान एक तृतीयांश बाया हव्यात, सहा वर्षांखालची पाच लेकरं कामावर आली तर त्यांना सांभाळायलाही एक बाई मजुरीवर हवी, असं कायद्यानंच सांगितलं.

या योजनेच्या कामांतलं वृक्षलागवडीचं काम मात्र वेगळं. खड्डे उन्हाळ्यात खणतात आणि रोपं लावतात पावसाळ्यात, म्हणजे ऐन रोवण्यात. त्यामुळे धानपट्ट्यातल्या बाईच्या दृष्टीनं लागवडीचा दिवस फार मोलाचा नाही. मोलाची आहे ती पुढची निगा: आळी करणं, निंदण, काट्यांचं कुंपण, उन्हाळ्यात घातलेलं पाणी. रस्त्याकडेच्या ‘बिहार पॅटर्न’मध्ये २०० रोपं काही कुटुंबांवर सोपवून संगोपनाचे पैसे देण्याची पद्धत आली, ती म्हणूनच महत्त्वाची. गावात राहून, घराजवळ, वर्षभर काम.

२०१९च्या पावसाळ्यात राज्यानं ३३ कोटी रोपांचं लक्ष्य धरलं. आकड्यांची चर्चा खूप झाली. रोपं जगवणाऱ्या हातांची तेवढी झाली नाही, हे खटकतं.

२०२५-२६मध्ये मजुरीचा दर ३१२ रुपये होता. हे पैसे बाईच्या स्वतःच्या खात्यात पडले, तर घरात तिचा शब्द वजनदार होतो. पण जॉबकार्ड कुटुंबाचं, हमीचे दिवसही कुटुंबाचे मोजायचे. नवऱ्यानंच दिवस भरले तर तिच्या वाट्याला काय उरणार?

ग्रामपंचायतीत महिलांना ५० टक्के जागा २०११पासून आहेत. ग्रामसभेआधी महिला सभा घेणं कायद्यानं बंधनकारक आहे. पुढच्या वर्षीच्या कामांची यादी ग्रामसभेतच ठरते. निगेचं काम यादीत घ्या, रोपं मोहाची, आवळ्याची आणा, हे बायांनी सांगायचं ते तिथंच.