शिक्षा रद्द झाली म्हणजे सुटका झाली?

अमेरिकेतल्या एखाद्या कैद्याची शिक्षा वरच्या कोर्टाने रद्द केली की शेरा ठरलेला: वकिलाने पळवाट शोधली, गुन्हेगार सुटला! निकाल पुढे वाचायची तसदी कोणी घेत नाही. योग्य कायदेशीर प्रक्रियेशिवाय कोणाचे स्वातंत्र्य हिरावून घेऊ नये, असे चौदाव्या घटनादुरुस्तीने तिथल्या राज्यांना १८६८ पासून बजावले आहे. ते बंधन मोडल्याचे ठरले की बहुतेक वेळा फेरखटला चालतो. पोलिसांनी हक्क न सांगता घेतलेल्या कबुलीजबाबामुळे अर्नेस्टो मिरांडा या आरोपीची शिक्षा १९६६ साली सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली, हे सगळ्यांना पाठ. पण पुढच्याच वर्षी तो कबुलीजबाब वगळूनही तो दोषी ठरला आणि त्याला पुन्हा २० ते ३० वर्षांची शिक्षा झाली, हे सांगावे लागते.

उलट, दाद मागणे अंगाशीही येऊ शकते. अलाबामात राइस नावाच्या कैद्याने १९६२ मध्ये घरफोडीचे चार आरोप कबूल केले; एकूण शिक्षा १० वर्षे. त्याला वकील मिळाला नव्हता, म्हणून अडीच वर्षांनी ती रद्द झाली. फेरखटल्यात तीनच आरोप होते, तरी शिक्षा झाली २५ वर्षांची, आणि भोगलेली वर्षे वजासुद्धा केली नाहीत! १९६९ मध्ये, पिअर्स नावाच्या दुसऱ्या कैद्याच्या अशाच खटल्यासोबत, सर्वोच्च न्यायालयाने हे घटनाबाह्य ठरवले. मग फेरखटल्यात शिक्षा वाढवायचीच नाही का, असा आक्षेप येतो. तसे न्यायालय म्हणालेच नाही. वाढवा, पण पहिल्या शिक्षेनंतरच्या कैद्याच्या कोणत्या वर्तनामुळे वाढवली, ते नोंदीवर लिहा. भोगलेला तुरुंगवास वजा करा. हा कैद्याचा लाड नव्हे. दाद मागितल्याचा सूड उगवला जाईल अशी धास्ती असेल, तर अपिलाचा हक्क कागदावरच राहतो.

बाकीचे गैरसमज किरकोळ. प्रक्रियेतल्या प्रत्येक चुकीने निकाल उलटत नाही. निकालावर परिणाम न करणारी चूक कोर्ट बाजूला ठेवते. हेबियस कॉर्पस (कैद बेकायदा असल्याचा अर्ज) म्हणजे आणखी एक अपील नव्हे, आणि राज्याच्या कैद्याला फेडरल कोर्टात तो अर्ज करायला १९९६ च्या कायद्याने साधारण एकच वर्ष दिले आहे. १९६९ चा निकाल अभेद्य ढाल आहे, असेही कोणी समजू नये. आधी गुन्हा कबूल करून शिक्षा झाली आणि ती रद्द झाल्यावर पूर्ण खटला चालून वाढली, तर त्यामागे सूड आहे असे गृहीत धरता येणार नाही, असे त्याच न्यायालयाने १९८९ मध्ये ठरवले. राइसने गुन्हा कबूलच केला होता. आज सूडाचा पुरावा त्यालाच आणावा लागला असता.