नव्या कपाटाचा वास

नवे कपाट घरी आले म्हणजे त्याचा उग्र वास पुष्कळ दिवस खोलीत राहतो. तो वास केवळ लाकडाचा नसतो. लाकडाचा भुसा किंवा पातळ पापुद्रे चिकटवून आजच्या फळ्या तयार करतात. त्या चिकटद्रव्यातून बहुधा फॉर्माल्डिहाइड नावाचा वायू हळूहळू सुटत असतो. त्याने डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो. २००४ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याची गणना मानवास कर्करोग जडविणाऱ्या द्रव्यांत केली. उष्णतेने हा वायू अधिकच सुटतो. वेळापूरच्या उन्हाळ्यात, झळा लागू नयेत म्हणून दारे-खिडक्या लावून घेतलेल्या घरात तो साचून राहिला, तर नवल कोणते?

आपल्याकडील सुतारांना बाभूळ व कडुनिंब ही लाकडे पूर्वापार परिचयाची आहेत. बाभूळ जड आणि चिवट. बैलगाडीची चाके तिचीच करीत. कडुनिंबास कीड सहसा लागत नाही. अशा वाळलेल्या लाकडाच्या पेटीला जवसाच्या तेलाचा हात दिला, की उग्र रोगणावाचून भागते. अखंड लाकूड महाग पडते, हे खरे. फळीचेच कपाट घेणे भाग पडले, तर तिच्या कडा नीट झाकलेल्या आहेत की नाहीत, हे पाहावे; फळी कमी वायू सोडणाऱ्या ‘ई-१’ प्रतीची आहे काय, हे दुकानदारास विचारावे; आणि कपाट घरी आणल्यावर त्याची दारे उघडी टाकून ते काही आठवडे हवेशीर पडवीत ठेवावे. निजण्याच्या खोलीत ते त्यानंतर न्यावे.